बेरजेचा गट

शाळेत नवीन मूल आलं की मी त्याला आधी नाव विचारत नाही, गणित घालते. निदान त्या वर्षापर्यंत घालत होते. नाव हजेरीपटावर सापडतं, गणित मात्र मुलाच्या पोटात शिरून बघावं लागतं, असं मी नव्या शिक्षकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. बावीस वर्षं प्राथमिकला गणित शिकवून आलेला हा तोरा होता. तालुक्याच्या प्रशिक्षणात मला पुढे बोलवायचे, आणि मी खडू हातात घेऊन इतरांना शहाणपण शिकवायचे. स्वभाव आधीच तापट, त्यात कौतुक झालेलं. म्हणजे बघायलाच नको.

शाळा चाकणच्या एमआयडीसीला लागून असलेल्या गावात, जिल्हा परिषदेची. गावकऱ्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, उरलेल्या तुकड्यांवर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांची स्वतःची मुलं सकाळी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात, आणि खोल्यांमध्ये राहणाऱ्यांची मुलं आमच्याकडे येतात. हिंगोली, नांदेड, यवतमाळ, बुलढाणा, शिवाय बिहार आणि ओडिशासुद्धा. मी भोसरीहून स्कूटरवर जायचे. मोशीच्या सिग्नलला कंटेनरांच्या मधोमध उभी राहून मनातल्या मनात दिवसाची गणितं ठरवायचे. शाळेत पोचेपर्यंत ओढणी काळी झालेली असायची.

आमच्या वर्गाची एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन समजत नाही. जूनमध्ये जी मुलं बसतात ती एप्रिलमध्ये नसतात. पट जवळपास तेवढाच राहतो, चेहरे बदलतात. कारण त्यांच्या वडिलांचं काम सात महिन्यांचं. सात महिने भरले की कंपनी ब्रेक देते, मग दुसरी कंपनी शोधायची, कधी याच भागात, कधी भलत्याच जिल्ह्यात. घर उचललं की मूल उचललं जातं. माझ्या दाराशी कधीही, ऑगस्टमध्ये, डिसेंबरमध्ये, कुणीतरी आई पोराचा हात धरून उभी असायची. त्या पोराला काय येतं आणि काय नाही, हे देव जाणे.

म्हणून मी गट पाडायचे. वर्ग एकच, पण चार ठिकाणी चार गट. दाराजवळच्या सतरंजीवर बेरजेचा, खिडकीशी वजाबाकीचा, मधे गुणाकाराचा, आणि फळ्यासमोर माझ्या टेबलाला खेटून भागाकाराचा. जसजसं येत जाईल तसतसं मूल दारापासून फळ्याकडे सरकायचं. पायरी चुकवायची नाही, हा माझा कायदा. हा कायदा मला वडिलांकडून मिळाला होता. ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लेथवर होते. पहिला पीस मापात बसल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, असं ते जेवतानासुद्धा सांगायचे. पहिल्यातच चूक राहिली तर पुढचे शंभर भंगारात. मला ते इतकं पटलं होतं की मधूनच आलेल्या प्रत्येक मुलाला मी दोन पायऱ्या मागे बसवायचे. पाया पक्का नको का?

ती दिवाळीच्या सुट्टीनंतर आली. चौथीत. अंगावर कुठल्यातरी आधीच्या शाळेचा हिरव्या चौकड्यांचा गणवेश, हातात कापडी पिशवी. वयाच्या मानाने उंच. आई परभणीकडची, बोलताना सारखी पदर सावरणारी.

"लेकरू हुशार हाय बाई," आई म्हणाली. "पर शाळा लई झाल्या तिच्या. ही पाचवी."

"हुशार आहे का ते मी बघते," मी म्हटलं, आणि चाचणीचा कागद पुढे सरकवला.

तो माझाच तयार केलेला कागद होता. बेरजा, वजाबाक्या, गुणाकार, भागाकार, प्रत्येकी दोन. मुलांनी माझ्या टेबलाशी उभं राहूनच सोडवायचा. ती लिहीत होती तेव्हा मी मोबाइलवर खिचडीची रोजची माहिती भरत होते. अ‍ॅप उघडत नव्हतं, म्हणून डोकं फिरलं होतं. तिने बराच वेळ घेतला. कागद हातात आला तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा व्हायला पाच मिनिटं होती.

बेरजा दोन्ही बरोबर, अक्षर टापटीप. वजाबाकीत एक चूक, पाचशेतून दोनशे सदतीस काढताना शून्यापाशी गडबडली होती. आणि पुढे गुणाकार-भागाकाराच्या जागेत नुसता आकड्यांचा ढीग. एकाखाली एक आकडे, मधे खाडाखोड, पुन्हा आकडे. मांडणी म्हणून काही नाही. बेरजा करत सुटली होती. मी लाल पेनाने गुणाकारावर एक आणि भागाकारावर एक अशा दोन मोठ्या काटा मारल्या. बाजूला लिहिलं, मांडणी नाही. वर लिहिलं, बेरीज गट.

ती कागदाकडे बघत होती. "चुकलं का बाई?"

"तुला शिकवलेलंच नाही ना अजून? मग येणार कसं? जा, दाराजवळ बस."

तिने मान हलवली आणि जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर पोरं होती, ज्यांना हातचा काय असतो तेही माहीत नव्हतं. त्यांच्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची, नाहीतर तिचे पाय दारातून बाहेर जायचे.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की ती बेरीज माझ्यापेक्षा वेगात करते. मी फळ्यावर चार आकडी संख्या एकाखाली एक लिहायचे, शेवटची लिहून वळेपर्यंत तिने उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी ठेवलेली असायची. उलटी अशासाठी की बाकीच्यांनी बघू नये. मग ती शेजारच्या पोरांना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून द्यायची, रबर तुटला तर दोऱ्याने बांधायची. मला बरंच वाटलं. एक मदतनीस फुकट मिळाली, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकदा मधल्या सुट्टीत ती गणिताचं पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. एका पानात बसचं जुनं तिकीट घडी करून ठेवलं होतं. ते पान उघडून तिने माझ्यासमोर धरलं. भागाकाराचा धडा. चित्रात एक आजोबा झाडाखाली बसून टोपलीतले पेरू मुलांना वाटत होते.

"बाई, हे पान कधी येणार?"

"येईल की. घाई काय आहे?"

"आम्ही ह्या पानापर्यंत कधी आलोच नाही," ती म्हणाली. "दुसरीत पण असंच वाटायचं पान होतं. तिसरीत पण होतं. तिसरीत तर आम्ही आदल्या पानावर होतो. मग टेम्पो आला."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तिथे ऊन होतं, तिथे नळ होता, तिथे टेम्पो आला, असं सांगावं तसं. मला हसू आलं. मी विचारलं, "मग आधीच्या शाळांमध्ये काय शिकलीस?"

"बेरीज."

"चारही शाळांमध्ये?"

"पहिल्यांदा गेलं की बेरजेत बसवतात ना बाई."

हे ऐकून मी तिथल्या तिथे चपापायला हवं होतं. मी चपापले नाही. उलट माझ्यातली ती गणिताची बाई जागी झाली आणि म्हणाली, "माझ्या वर्गातून भागाकार शिकल्याशिवाय कुणी जात नाही. तूही जाणार नाहीस. काय?"

ती हसली. तिचा पुढचा एक दात अर्धाच होता, तो तेव्हा दिसला. तिकिटाची घडी तिने पुन्हा पानात नीट सरकवली.

मग डिसेंबर आला, आणि डिसेंबरमध्ये आमच्याकडे शाळा सोडून बाकी सगळं चालतं. केंद्राच्या क्रीडा स्पर्धा झाल्या, मतदार याद्यांसाठी मी पंधरा दिवस चाळीच्या चाळी पालथ्या घातल्या, एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. यातून वेळ काढून मी तिची शून्याची वजाबाकी सुधारून घेतली. ते तिला एका दुपारी समजलं, पण कायद्याप्रमाणे तिला मी खिडकीशी दहा दिवस बसवलंच. नाताळच्या सुमाराला ती गुणाकाराच्या गटात आली. आता फळा फक्त एका सतरंजीवर राहिला होता. रोज आल्या आल्या ती दोन सतरंज्यांमधल्या मोकळ्या फरशीकडे बघायची.

इथे आमचं घोडं अडलं, ते पाढ्यांपाशी. तिला सहापर्यंत पाढे यायचे, पुढचे पाठ नव्हते. सात आठे विचारलं की ती क्षणभर थांबायची आणि छप्पन्न म्हणायची. उत्तर बरोबर. पण तो क्षण मला खुपायचा.

"बेरीज करतेस ना मनात? बेरीज नको. पाढा म्हण. पाढा तोंडातून धडाधड आला पाहिजे."

ती ओठ घट्ट मिटायची. पण गळ्याशी हालचाल व्हायची, ती मला दिसायची. आत सात आणि सात चौदा, चौदा आणि सात एकवीस चाललेलं असायचं. मी टेबलावर डस्टर आपटायचे. ती दचकायची, आणि मग येत असलेलं उत्तरसुद्धा येईनासं व्हायचं. डस्टर आपटून पाढे येत नसतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी आपटायचे.

"दहापर्यंत पाढे झाले की भागाकार," मी सांगून टाकलं. "संक्रांतीनंतर."

संक्रांतीला खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी घरून तिळाच्या वड्या करून आणल्या. मावशी गावातल्याच. एकेकाळी त्यांची दहा एकर होती म्हणतात, आता दिरांच्या खोल्या आहेत आणि मावशींकडे शाळेचा गॅस आहे. त्या मोठी परात घेऊन वर्गाच्या दारात आल्या. "बाई, तुमच्या वर्गाला दीडशे अन् वर दोन हायती. कशा वाटू?"

मी हजेरी बघितली. अडतीस मुलं होती. मी मोबाइल काढून हिशेब करायच्या बेतात होते, तेवढ्यात ती गुणाकाराच्या सतरंजीवरून वर आढ्याकडे बघत म्हणाली, "चार-चार येतील मावशी. उरायची नाही."

आणि तसंच झालं. प्रत्येकाच्या हातात चार वड्या गेल्या, परात रिकामी झाली.

"ह्या पोरीला इचारलं की झालं बघा," मावशी म्हणाल्या. "परवा केळी आली तवा बी हिनंच सांगितलं, कंच्या वर्गाला किती फण्या द्यायच्या. तुमी शिकवलं व्हय?"

"अंदाज आहे तिचा चांगला," मी म्हटलं.

अंदाज! दीडशे दोन वड्या अडतीस मुलांत. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की हिचा सातचा पाढा अजून अडखळतो. मी तीळगूळ खाल्ला, गोड बोला म्हटलं आणि तिला आठचा पाढा पाच वेळा लिहून आणायला सांगितला.

जानेवारी संपत आला असताना एका मंगळवारी तिची आई शाळा सुटताना आली. फाटकाच्या बाहेरच उभी राहिली, आत येईना. मीच गेले.

"बाई, तिच्या बापाला महिनाअखेर ब्रेक हाय. जुलैत लागले होते ना, आम्ही दिवाळीला मागनं आलो. सात महिने भरले."

"मग?"

"संभाजीनगरकडं बोलणं चाललंय एका ठेकेदाराशी. टेम्पो मिळाला की जावं लागंल. म्हणून म्हटलं दाखल्याचं सांगावं."

माझा पारा चढला. कुणावर चढावं तेवढं मला कळलं नाही, आणि जी समोर होती तिच्यावर काढला. म्हटलं, "अहो, वर्षभर तरी एका जागी थांबा. पोरीचं नुकसान होतंय, समजतंय का तुम्हाला? दर सहा महिन्यांनी उचलायचं, दर सहा महिन्यांनी आपटायचं. असं शिकत असतं का मूल?"

तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आम्ही राहायला तयारच हाव बाई. कंपनी ठिवीना."

मी म्हटलं, निदान थोडे दिवस आधी सांगा. ती हो म्हणाली. तिलाही ते आधी कळत नसणार, हे मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला टेबलाशी बोलावलं. माझ्या हातात किती दिवस आहेत ते मोजलं. त्यातले गुरुवार, शुक्रवार, शनिवार मला तालुक्याला प्रशिक्षणाला जायचं होतं. विषय काय, तर वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या गतीने गणित कसं शिकवावं. मला व्याख्यान द्यायचं होतं. मी नाही म्हणू शकले असते. बुधवारची ती दुपारही माझ्या हातात होती. चाळीस मिनिटं पुरली असती. पण आठचा पाढा आठ सत्ते आणि आठ नव्वे या दोन ठिकाणी अजून कच्चा होता, आणि मी माझ्या कायद्याला धरून होते.

"सोमवारी," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी पहिल्या तासाला तू इथं बसायचं. इथं, माझ्या पायाशी. आपण ते पान उघडायचं. तोवर आठचा पाढा पक्का करून ये."

"नक्की सोमवारी ना बाई?"

"मी कधी खोटं बोलते का?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढत होते तेव्हा ती फाटकाला टेकून उभी होती. मला बघून तिने तिथूनच आठचा पाढा म्हटला. आठ एके आठपासून आठ दाहे ऐंशीपर्यंत, न थांबता, गळा न हलवता. मी हेल्मेटमधून "शाबास" म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, रस्त्यावरून ट्रक चालला होता.

प्रशिक्षण छान झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

सोमवारी मी घरून अर्धा तास लवकर निघाले. मोशीला एका हातगाडीवर पेरू दिसले, ते चोवीस मोजून घेतले. चित्रातले आजोबा वाटतात तसे आपण खरेच पेरू वाटू, तीन जणांत, सहा जणांत, आठ जणांत, असं मनाशी योजलं होतं. पिशवी स्कूटरला अडकवून जाताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं.

पहिल्या तासाला फळ्यासमोरची जागा रिकामी राहिली. दहा मिनिटं वाट बघून मी मावशींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"गेली की ती माणसं, बाई. काल सांजच्याला टेम्पो भरला. तुमास्नी ठाव न्हाई?"

"काल? रविवारी?"

"व्हय. अन् पोरगी हितं आलती फाटकापाशी. मी म्हनलं, आज रविवार हाय, कुलूप हाय, कशापायी आलीस? तर म्हनली, बाई येणार हुत्या. मी म्हनलं, आगं, उद्या येतील. मग गेली."

मी तिथेच पायरीवर बसले. मावशी तांदूळ निवडायच्या थांबल्या. वर्गात कालवा सुरू झाला तेव्हा उठले. पेरू मुलांना वाटून टाकले. अडतीसच्या आसपास मुलं, पेरू चोवीस, कापून दिले, कुणाला मोठा तुकडा गेला कुणाला लहान. त्या दिवशी मी भागाकार शिकवला नाही. कोणतंच गणित शिकवलं नाही.

फेब्रुवारीत तपासणी होती. साहेबांना सुरुवातीच्या चाचण्यांचे कागद दाखवावे लागतात, म्हणून मी कपाटातून फाइल काढली आणि क्रमाने लावायला बसले. तिचा कागद मधेच आला. बाजूला ठेवावा म्हणून उचलला, आणि हातात तसाच राहिला.

पहिल्यांदाच मी तो वाचला.

छत्तीस गुणिले सात. तिने छत्तीस सात वेळा एकाखाली एक लिहिले होते आणि खाली दोनशे बावन्न. बरोबर. दुसरा गुणाकारही तसाच, बरोबर. त्याखाली शहाण्णव भागिले चार. तिने वीस चार वेळा मांडले होते, खाली ऐंशी, आणि त्यावर बारीक रेघ मारून खोडलं होतं. मग पंचवीस चार वेळा, खाली शंभर, तेही खोडलं. मग चोवीस चार वेळा, खाली शहाण्णव, आणि चोवीसला छोटा गोल. पासष्ट भागिले पाचलाही तसंच. बारा पाच वेळा लिहून खोडलेले, तेरा पाच वेळा लिहून गोल केलेले. कुणी न शिकवता, हातात असलेल्या एकाच हत्याराने तिने कुलूप उघडलं होतं. आणि त्यावर माझ्या लाल पेनाच्या दोन काटा होत्या, कागद फाटेल इतक्या दाबून मारलेल्या.

मी कुठे चूक सापडते का ते बघितलं. खरंच बघितलं, दोनदा. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. नव्हती. मला लाज वाटली, आणि ती लाज नंतर कुणाजवळ बोलून हलकी करावी अशीही नव्हती. पहिल्याच दिवशी ती माझ्या फळ्यासमोर बसायला हवी होती. चाळीस मिनिटांत तिला मांडणी आली असती. तिने मला ते पान दाखवलं तेव्हा ती त्या पानाच्या पुढे होती, आणि ते ना तिला ठाऊक होतं, ना मला. वड्या वाटल्या तेव्हासुद्धा ती मला सांगत होती. मी पाढे मोजत बसले होते.

तपासणी पार पडली. साहेबांनी फाइल छान ठेवली आहे म्हणून शेरा दिला.

मार्चच्या सुरुवातीला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. संभाजीनगरकडच्या एका कारखान्यांच्या भागातली शाळा, बोलणाऱ्या तिथल्या चौथीच्या बाई. पोरीचा दाखला ऑनलाइन आमच्याकडे अडकला होता, तो मी सोडावा म्हणून फोन होता. मी म्हटलं, आत्ता सोडते. मग राहवेना.

"कशी आहे हो ती?"

"चांगली आहे. शांत आहे. बेरीज तर इतकी पटकन करते मॅडम, विचारू नका. बेरजेच्या गटात बसवलीय सध्या, लहान पोरांना शिकवते."

पहिले पाढे पंचावन्न.

"तुम्ही तिची चाचणी घेतली असेल ना," मी म्हटलं. "त्यात भागाकाराच्या गणितांपाशी काय होतं?"

"काही नाही हो. नुसत्या पानभर बेरजा करून ठेवल्या होत्या. शिकवलेलंच नाही तिला कुणी. मी काट मारली."

मी त्यांना सगळं सांगितलं. चोवीस चार वेळा, छोटा गोल, तो कागद, माझ्या काटा. फार घाईघाईने सांगितलं, शब्द एकमेकांवर पडत होते. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या मागे वर्ग कलकलत होता. बिचाऱ्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्याकडे एकसष्ट मुलं आहेत. बघते मी. नक्की बघते." आवाजात थकवा होता. मला तो ओळखीचा होता, म्हणून राग आला नाही. मग त्याच म्हणाल्या, "इथंच आहे ती. देऊ का?"

"नमस्ते बाई." तोच आवाज.

"कशी आहेस ग? शाळा आवडली का?"

"हो. बाई चांगल्या आहेत. पाढे झाले की भागाकार शिकवणार आहेत." मग जरा थांबून, "आठचा झाला माझा, बाई. तुम्हाला म्हणून दाखवला होता ना?"

"ऐकला मी. सगळा ऐकला." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे बघ, मला तुला एक सांगायचंय. तुझा तो पहिल्या दिवशीचा कागद मी पुन्हा तपासला. गुणाकार-भागाकाराची तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. भागाकार तुला येतो. पहिल्या दिवसापासून येत होता. समजलं का? तुला येतो."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. इतक्या वर्षांनंतरही मुलांबद्दल मला काही कळत नाही.

"मग बाई," तिने विचारलं, "तुम्ही काट का मारली?"

रागाने नव्हे. हे पान कधी येणार, असं विचारलं होतं तसंच. तेवढ्यात तिकडे घंटा झाली, मुलांचा गलका उठला, आणि फोन तिच्या हातातून कुणीतरी घेतला.